लॉबस्टर रोल: थंड कुठे, गरम कुठे आणि असं का

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात 'लॉबस्टर रोल' मागितला, तर तव्यावर परतलेल्या पावात थंडगार लॉबस्टर भरून येतो. त्याला मेयोनीजचा जेमतेम हात लागलेला असतो. तिथून गाडीने चारेक तास दक्षिणेला, कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर तेच नाव घेतलं, तर लॉबस्टर येतो वाफाळता, वितळलेल्या लोण्यात न्हालेला. नाव एक, प्राणी एक, पावही जवळजवळ तोच, आणि चवी मात्र दोन.

मी रायगडच्या किनाऱ्यावर वाढले. आमच्याकडे शेवंड आली की आधी आलं-लसूण, मग वाटण, मग तिखट आणि शेवटी कोकम. बहिणीकडे बॉस्टनला गेले तेव्हा तिने मला मेनला नेलं आणि तिथला थंड रोल मला अगदीच फिका लागला. आठवड्याने कनेक्टिकटमध्ये गरम रोल खाल्ला आणि वाटलं, हाच खरा. पुढच्या वर्षी पुन्हा थंड खाल्ला, या वेळी सावकाश, आणि लॉबस्टरचं मांस मुळातच किती गोड असतं ते जिभेला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं वाटणाखाली ती गोडी माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. तेव्हापासून दोन्ही रोल मला सारखेच प्रिय आहेत, आणि त्यांच्यातला फरक नेमका कशात आहे हे समजून घ्यायची ओढ लागली.

हा फरक मसाल्याचा नाही, तापमानाचा आहे. मांस थंड द्यायचं की गरम, एवढं एकदा ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरत जातं.

थंडीतला तुपाचा डबा आठवा. चमचा आत जात नाही. लोण्याचंही तेच. साधारण 32 ते 35 अंशांना ते वितळतं, त्याखाली गोठतं. फ्रिजमधून काढलेल्या लॉबस्टरवर वितळलेलं लोणी ओतलं, तर ते मांसावरच थिजेल आणि टाळूला मेणासारखं चिकटेल. म्हणून थंड मांसाला लोणी चालत नाही. त्याला थंडीतही मऊ राहणारी स्निग्धता हवी, आणि तशी वस्तू म्हणजे मेयोनीज. त्यात अंड्याच्या बलकाच्या आधाराने तेलाचे बारीक बारीक थेंब लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. बलक त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही, म्हणून ते दाट आणि मऊ राहतं. पण हेच मेयोनीज गरम मांसावर घातलं तर बलकाची पकड सुटते, तेल वेगळं होतं आणि रोलच्या तळाशी ओघळ येतो. म्हणजे थंडाला मेयोनीज आणि गरमाला लोणी, ही केवळ दोन राज्यांची हौस नाही. पदार्थाचा स्वभावच तसा आहे.

त्यातही लोणी दोन तऱ्हांचं असतं. काही ठिकाणी नुसतं वितळवून देतात, काही ठिकाणी वरचा फेस आणि तळाचा दुधाचा गाळ काढून फक्त पिवळं, पारदर्शक लोणी घेतात. आपल्या तुपाच्या ते एक पायरी अलीकडचं. तूप करताना आपण बेरी तांबूस होईपर्यंत थांबतो, आणि तो खमंगपणा लॉबस्टरच्या गोडीवर स्वार होतो. तिथे इतकं पुढे जात नाहीत, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

आता प्राण्याकडे वळू, कारण आपल्या शेवंडीपेक्षा तो बराच वेगळा आहे. शेवंडीला काटेरी पाठ आणि लांबलचक मिशा असतात, पण कुर्लीसारखे डेंगे नसतात. मेनच्या लॉबस्टरला दोन दणदणीत डेंगे असतात. एक जाडजूड, शिंपले फोडायचा. दुसरा निमुळता, फाडायचा. त्यामुळे त्याच्या अंगात तीन तऱ्हांचं मांस मिळतं. शेपटीचं मांस घट्ट आणि किंचित चिवट. डेंग्यांचं मऊ, जवळजवळ रेशमी. आणि डेंगा जिथे धडाला जोडलेला असतो त्या सांध्यांतलं मांस, जे काढायला सगळ्यात कटकटीचं आणि खायला सगळ्यात गोड. चांगल्या रोलमध्ये हे तिन्ही असतात. नुसत्या शेपटीचे तुकडे भरलेला रोल दिसायला भरगच्च, पण चावताना एकसुरी लागतो.

मांस हाती किती लागतं, यावर रोलची किंमत ठरते. तिकडचा ढोबळ हिशोब असा, की पाच पौंड जिवंत लॉबस्टर उकडले तर एक पौंड मांस निघतं. एका रोलमध्ये पाव पौंड, म्हणजे साधारण 115 ग्रॅम मांस धरलं, तर सव्वा पौंडाचा एक आख्खा लॉबस्टर एका पावात जातो. शिवाय ते मांस बहुधा हातानेच काढावं लागतं. कोणीतरी बसून, डेंगा फोडून, सांध्यातून काडीने ओढून काढतं. आज बऱ्याच ठिकाणी एका रोलला 30 डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. घरी एकदा चार लॉबस्टर सोलून बघितले की तो आकडा पटतो.

उन्हाळ्यात याला आणखी एक पदर असतो. लॉबस्टर वाढताना जुनं कवच टाकतो, साप कात टाकतो तसा, आणि नव्या, मऊ कवचात पाणी भरून फुगतो. जुलैनंतर मेनच्या धक्क्यावर असे मऊ कवचाचे लॉबस्टर भरपूर येतात. त्यांत मांस कमी निघतं, पण ते अधिक कोवळं आणि गोड असतं असं तिथले लोक सांगतात, आणि कवच नुसत्या हातानेही फुटतं. लांबच्या प्रवासात मात्र ते टिकत नाहीत. दूरच्या शहरांत जिवंत पोचतात ते कडक कवचाचे. म्हणून ऑगस्टमध्ये धक्क्याशेजारी खाल्लेला रोल आणि वर्षभर शहरात मिळणारा रोल यांत जो फरक जाणवतो, तो समुद्राच्या वाऱ्यामुळे वाटणारा भास नाही. मांसच वेगळं असतं.

बाकी नियम आपल्या चिंबोरीचाच. जिवंत असेल तरच भांड्यात. मेल्यावर त्याच्या अंगातलीच पाचक द्रव्यं मांसाला आतून सैल करू लागतात आणि जंतूही झपाट्याने वाढतात. खारट पाण्यात उकडायचा किंवा वाफवायचा. कवचातला लाल रंग आधीपासूनच असतो, पण प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे निळा-हिरवा दिसतो. उष्णतेने ते प्रथिन सैल पडतं आणि लाल रंग मोकळा होतो. थंड रोलसाठी शिजलेलं मांस लगेच गार करतात आणि नीट निथळून घेतात. निथळायला कंटाळा केला तर मेयोनीज पाणचट होतं आणि अर्ध्या तासात पाव भिजून लगदा होतो.

पावाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे आपलं जुनं ओळखीचं कोणीतरी भेटतं. साधा हॉट डॉगचा बन कुशीला कापलेला असतो. न्यू इंग्लंड, म्हणजे मेन ते कनेक्टिकट हा अमेरिकेचा ईशान्य कोपरा, तिथला बन डोक्यावर कापतात. शिवाय त्याच्या दोन्ही कुशींना कडक पापुद्रा नसतो, आतला पांढरा मऊ भाग उघडाच असतो. कारण? हे बन भट्टीत एकमेकांना चिकटून भाजले जातात आणि मग सुटे करतात. म्हणजे अगदी आपली पावाची लादी! लादीतून पाव तोडला की त्याची बाजू जशी दिसते, तशीच याची. त्या उघड्या बाजूंना लोणी लावून तव्यावर दाबलं की लोणी आत शोषलं जातं आणि बाजू सोनेरी, कुरकुरीत होते. पावभाजीच्या गाड्यावर पाव परततात तेव्हा नेमकं हेच घडतं. पापुद्रा असलेल्या बनवर लोणी वरच्यावर घसरतं, आत मुरत नाही. दुसरा फायदा असा, की तळ सपाट असल्यामुळे हा बन कागदी ताटलीत उभा राहतो आणि मांस वरून भरता येतं.

या बनची हकीकत लॉबस्टरपासून सुरू होत नाही. हॉवर्ड जॉन्सन ही एकेकाळी अमेरिकाभर पसरलेली उपाहारगृहांची साखळी. तिला तळलेल्या शिंपल्यांसाठी उभा राहणारा पाव हवा होता. 1940 च्या दशकात मेनमधल्या पोर्टलंड शहरातल्या जे. जे. निसेन बेकरीने तो बनवून दिला, असं सांगतात. लॉबस्टरवाल्यांनी तो उचलला आणि आज त्याच्याशिवाय रोलची कल्पना करवत नाही. तरी नियम म्हटला की अपवाद आलाच. कनेक्टिकटमधल्या नोअँक गावात अ‍ॅबट्स नावाचं 1947 पासूनचं ठिकाण आहे. तिथे गरम लॉबस्टर बर्गरच्या तीळ लावलेल्या गोल बनमध्ये देतात, आणि लोक त्यासाठी लांबून येतात.

दोघांत वयाने मोठा बहुधा गरम रोल. कनेक्टिकटमधल्या मिलफर्ड गावात पेरीज नावाचं एक उपाहारगृह होतं. 1929 च्या आसपास तिथे लोण्यातला गरम लॉबस्टर पावात घालून दिला जाऊ लागला, असं खाद्येतिहासात नोंदलेलं आहे. म्हणूनच कनेक्टिकटचे लोक अजूनही नुसतं 'लॉबस्टर रोल' म्हणतात तेव्हा त्यांना गरमच अभिप्रेत असतो. थंडाला ते 'लॉबस्टर सॅलड रोल' म्हणतात. प्रवासाला निघालात तर हा एवढा शब्दभेद लक्षात ठेवा, चुकीचा रोल हातात पडणार नाही.

मेनमध्ये थंड का रुजला, यामागे मला तरी तिथल्या टपऱ्यांचं कामकाज दिसतं. मे ते ऑक्टोबर चालणारी, रस्त्याकडेची लाकडी टपरी. सकाळी लॉबस्टर उकडून, सोलून, गार करून ठेवायचे आणि दुपारी रांग लागली की पाव परतून भरायचे. गरम रोलला दर वेळी लोण्यात मांस तापवत बसावं लागतं, आणि क्षणभर जास्त तापलं तर ते रबरासारखं होतं. म्हणजे थंड रोलचे कष्ट सकाळचे आणि गरम रोलचे कष्ट त्या त्या घडीचे.

मेनच्या आतही घराघरांत मतभेद आहेत. मेयोनीज किती? जुनी जाणती मंडळी म्हणतात, एका रोलला चमचाभर, मांसाला चकाकी येण्यापुरतं. सेलरी घालावी का? सेलरी म्हणजे कोथिंबिरीच्या कुळातला जाड, पाणीदार देठ. कुरकुरीतपणासाठी काही जण ती बारीक चिरून घालतात, काही जणांना ती पैसे घेऊन लॉबस्टरऐवजी घातलेली भर वाटते. तळाशी लेट्यूसचं पान ठेवावं का? ठेवणारे म्हणतात, पाव भिजत नाही. मला विचाराल तर पान चालेल, सेलरी नको. तिचा वास शेवटच्या घासापर्यंत रेंगाळतो. विस्कॅसेट गावात, महामार्ग क्रमांक 1 वर, पुलाच्या तोंडाशी रेड्स ईट्स नावाची छोटी लाल टपरी आहे. तिने हा वाद आपल्या परीने मिटवला आहे. त्यांच्या रोलमध्ये मांस अगदी कोरं असतं, शेपटी आणि डेंगे न चिरता रचलेले. मेयोनीज आणि पातळ लोणी वेगळ्या वाट्यांत मिळतं. ज्याचं त्याने ठरवावं. उन्हाळ्यात तिथली रांग आणि तिच्यामुळे अडणारी वाहनं हा साऱ्या परिसराच्या चर्चेचा विषय असतो.

मॅसेच्युसेट्स राज्य मेन आणि कनेक्टिकटच्या मधे आहे आणि तिथे दोन्ही मिळतात, थंडाकडे कल जास्त. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर मेयोनीज आणि सेलरी सढळ हाताने घालतात. तिथल्या अमागनसेटमध्ये 1965 मध्ये सुरू झालेल्या एका उपाहारगृहाचं नावच 'द लॉबस्टर रोल' आहे. न्यूयॉर्क शहराला या पदार्थाचं वेड लागलं ते मात्र उशिरा. 1997 मध्ये रिबेका चार्ल्स यांनी तिथे पर्ल ऑयस्टर बार उघडला, आणि टपरीवरचा हा खाऊ टेबलावर, वाइनच्या पेल्याशेजारी येऊन बसला.

सीमेपलीकडे, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकमध्येही थंडच चालतो, सोबत बटाट्याच्या तळलेल्या फोडी. न्यू ब्रन्सविकमधल्या शेडियॅक गावाने वेशीवर 11 मीटर लांबीचा लॉबस्टर उभारला आहे. या भागात मॅकडोनाल्ड्सनेसुद्धा उन्हाळ्यात लॉबस्टर रोल विकला आहे. यावरून तिथे तो किती रोजच्यातला आहे ते समजावं.

आता ज्या गोष्टीने मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ केलं, ती. गरम रोलच्या माहेरी आता लॉबस्टर जवळजवळ उरलेले नाहीत. लाँग आयलंड साउंड ही कनेक्टिकटसमोरची खाडीसारखी समुद्रपट्टी. 1998 मध्ये कनेक्टिकटच्या मच्छीमारांनी 37 लाख पौंड लॉबस्टर धरले होते. 1999 च्या शरद ऋतूत तळाचं पाणी तापलं, त्यातला प्राणवायू घटला, त्यात परजीवींची लागण झाली आणि सापळ्यांतून मेलेले लॉबस्टर वर येऊ लागले. या प्राण्याला 20 अंशांवरचं पाणी सोसत नाही. ती मासेमारी पुन्हा सावरलीच नाही. आता वर्षाची पकड दोन लाख पौंडांच्याही खाली आहे. आज कनेक्टिकटमध्ये लोण्यात न्हाऊन येणारा लॉबस्टर बहुतेक वेळा मेनचा नाहीतर कॅनडाचा असतो.

मेनचे दिवस अजून बरे आहेत, आणि त्यात नियमांचा मोठा वाटा आहे. तिथे लॉबस्टर फक्त सापळ्याने धरायचा, जाळं ओढायचं नाही. एका मच्छीमाराला जास्तीत जास्त 800 सापळे. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत सव्वातीन इंचांहून लहान असेल तर परत पाण्यात. पाच इंचांहून मोठा असेल तरी परत, कारण मोठ्यांपासूनच पुढची पिढी भरपूर होते. मला सगळ्यात भावलेला नियम पोटाखाली अंडी असलेल्या मादीचा. ती सापडली की मच्छीमार तिच्या शेपटीच्या पाकळीला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची छोटी खाच पाडतो आणि तिला सोडून देतो. पुढच्या वर्षी तीच मादी दुसऱ्या कोणाच्या सापळ्यात आली आणि तेव्हा तिच्याजवळ अंडी नसली, तरी खाच पाहून तोही तिला सोडतो. कोणी कोणाला न भेटता दिलेला निरोप आहे तो. एका पौंडाची मादी आठ हजारांच्या आसपास अंडी वर्षाच्या जवळपास पोटाशी वागवते. तरीही पाणी तापतंच आहे. 2016 मध्ये मेनची पकड 13 कोटी पौंडांवर गेली होती, ती आता 10 कोटींच्या खाली आली आहे.

हे वाचताना मला आपली मुंबई आठवत होती. मुंबईजवळच्या समुद्रात चपट्या जातीची, बिनमिशांची शेवंड असायची. 1980 च्या दशकात ट्रॉलरच्या जाळ्यांत ती भरपूर यायची आणि परदेशी जायची. अंड्यांवरच्या माद्याही त्याच जाळ्यांत ओढल्या गेल्या, आणि 1994 पर्यंत ती मासेमारी साफ बसली. मिशांची काटेरी शेवंड अजून मिळते. तिच्यासाठी निर्यातीचे नियम 2003 मध्ये आले. मुंबईकडच्या जातीला किमान 300 ग्रॅम वजनाची अट आहे. स्थानिक बाजारात मात्र टोपलीत हाताएवढ्या शेवंडी आजही दिसतात. मी त्या घेत नाही, आणि कोळणीला का घेत नाही तेही सांगते.

मोठी आणि जिवंत शेवंड मिळाली, पोटाखाली अंडी नाहीत अशी खात्री केली, तर हा रोल आपल्याकडेही करता येतो. डेंगे नसल्याने सगळा भार शेपटीवर, म्हणून चव थोडी एकसुरी होणार हे गृहीत धरा. शेपटीचं मांस चिवट असतं, तेव्हा ते शेपटीच्या लांबीला आडवं, बोटाच्या पेराएवढं कापा. मीठ घातलेल्या पाण्यात उकडा, जास्त शिजवू नका. मांस पांढरं, अपारदर्शक झालं की काढा. पहिल्यांदा करत असाल तर गरमच करा. मंद आचेवर बिनमिठाचं लोणी वितळवायचं, फेस बाजूला सारायचा, त्यात मांस मिनिटभर घोळवायचं आणि थेंबभर लिंबू पिळायचं. हात आपोआप मिरपुडीकडे जाईल, लसणाकडे तर जाईलच. पहिला रोल तरी त्यांच्याशिवाय खाऊन बघा. लादीतून पावांची जोडी तोडा, सुटे करू नका, डोक्यावरून चीर द्या, बाहेरच्या दोन्ही उघड्या बाजूंना लोणी लावून तव्यावर सोनेरी करा. मांस भरा आणि तव्यात उरलेलं लोणी वरून ओता.